दोन रिकामे बुधवार

ब्राउनश्वाइग शहराच्या पूर्वेला, जिथे ट्राम वळसा घेऊन पुन्हा गावाकडे तोंड करते, त्या चौकात एक औषधांचं दुकान आहे. दारावरच्या लोखंडी पाटीवर तीन कावळे बसलेत आणि दुकानाचं नावही त्यांचंच: ड्राय राबेन अपोथेके. तीन कावळ्यांचं मेडिकल. स्वरूपा घोरपडेने हे नाव पहिल्यांदा सांगितलं ते फोनवर, कराडला वडिलांना.

"औषधाच्या दुकानावर कावळे?" पद्माकर निकम म्हणाले. "आपल्याकडे गिऱ्हाईक पायरी चढलं नसतं."

"इकडे कावळ्याला शहाणा मानतात, बाबा."

"शहाणा आपल्याकडेही मानतात. पण तो जेवायला कधी येतो ते बघ ना."

पद्माकररावांचं 'निकम मेडिकल' कराडच्या बसस्टँडसमोर अडतीस वर्षं चालू होतं. स्वरूपा त्याच काउंटरमागे वाढली. बी. फार्म. केलं, एम. फार्म. केलं, दोन वर्षं वडिलांच्या शेजारी उभी राहिली, मग सत्यजित घोरपडे नावाच्या मेकॅनिकल इंजिनिअरशी लग्न केलं आणि २००२ साली चार वर्षांच्या मुलीसह जर्मनीत आली. सत्यजित रोज सकाळी वोल्फ्सबुर्गची गाडी पकडायचा. स्वरूपा जर्मन शिकायच्या क्लासला जायची आणि उरलेल्या वेळात हानोफरच्या, परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीशी पत्रव्यवहार करायची. भारतातली पदवी इथे चालेल का, असा साधा प्रश्न तिने विचारला होता. उत्तर यायला तीन वर्षं आणि एक जाडजूड फाइल लागली. उत्तर असं होतं की पदवी निम्मी चालेल. उरलेल्या निम्म्यासाठी एखाद्या वस्तीतल्या अपोथेकेत, तिथल्या प्रमुखाच्या हाताखाली सहा महिने प्रत्यक्ष काम करावं, त्यातले किमान आठ आठवडे काउंटरवर. प्रमुखाने तसं लिहून दिलं की तोंडी परीक्षा, आणि मग परवाना.

बावीस अपोथेकांना तिने अर्ज केले. एकीकडून उत्तर आलं. ती कावळ्यांची.

२ जानेवारी २००७ रोजी सकाळी पावणेआठला ती हजर झाली. वय चौतीस. आतापर्यंत तिथे शिकून गेलेल्यांत कुणीच सव्वीसच्या पुढचं नव्हतं.

हे तिला भिंतीवरून कळलं. मालकीणबाई डॉक्टर हाइड्रुन वेसेल्स यांची १९८४ पासूनची एक रीत होती. दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची ओळख करून देणारं एक कार्ड रस्त्याकडच्या खिडकीत लावलं जायचं. वर 'आम्ही ओळख करून देतो' असा मथळा, खाली फोटो, त्याखाली पाच ओळी. उमेदवाराने त्या स्वतः लिहायच्या, फ्राउ वेसेल्सनी, म्हणजे वेसेल्सबाईंनी, तपासायच्या. कार्ड लागलं याचा अर्थ वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होता: हा माणूस आता काउंटरवर उभा राहणार, याला काहीही विचारायला हरकत नाही. शिक्षण संपवून उमेदवार गेला की कार्ड चौकटीत जाऊन मागच्या बोळात लटकायचं. बोळात अकरा चौकटी होत्या. हात धुवायला जाताना स्वरूपा रोज त्यांच्याखालून जायची आणि जर्मन सुधारावं म्हणून एकेक वाचायची. एकजण बिअरच्या ग्लासाखालच्या चकत्या जमवायचा. एकीला हंसांची भीती वाटायची. एकाने लिहिलं होतं की तो डावखुरा आहे, पण मलम उजव्या हाताने घोटतो.

सहाव्या-सातव्या आठवड्यात कार्ड लागायचं. स्वरूपानेही आपलं लिहून दिलं. फ्राउ वेसेल्सनी दोरीला लटकलेला चष्मा नाकावर चढवला आणि कागद हातभर लांब धरला. संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, बी. फार्म. प्रथम श्रेणी विशेष प्रावीण्यासह, एम. फार्म. एकाहत्तर पूर्णांक चार टक्के.

"फ्राउ गोरपाडे," त्या म्हणाल्या. घोरपडे हे नाव त्यांच्या तोंडात कायम असंच उमटायचं. "ही ओळख आहे की पोलिसात दिलेली माहिती?"

"आमच्याकडे असंच लिहितात."

"आल्झो, हे बघा, इथल्या लोकांना तुमचे टक्के नकोत. रविवारी काय करता तुम्ही?"

स्वरूपाने विचार केला. "आठवड्याची इस्त्री."

"हे लिहा."

वेसेल्सबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, उंच, आणि त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्या रागावल्या की उलट हळू बोलायच्या. दुकानात त्यांच्याखेरीज फ्राउ कुबिचेक होत्या: सहायक, पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, वस्तीतल्या प्रत्येक गुडघ्याची खबर असलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वरूपाला कॉफी पिताना गाठून सांगितलं, "बाई वाईट नाहीत. फक्त एकदा चूक झाली की त्या ती ड्रॉवरमध्ये ठेवतात."

स्वरूपाला वाटलं, ही बोलण्याची पद्धत असेल.

पंधरा फेब्रुवारीला, गुरुवारी, तिची काउंटरवरची चाचणी होती. ही पण रीतच. एक दुपार फ्राउ वेसेल्स शेजारी उभ्या राहायच्या, आणि दुपार नीट गेली की दुसऱ्या दिवशी कार्ड. कार्ड छापून, प्लॅस्टिकमध्ये बसवून तयार होतं. इस्त्रीची ओळ त्यात तिसरी होती.

दुपार चांगलीच चालली होती. खोकल्याचं औषध दिलं, एका बाईला बाळाच्या तापाचं समजावलं, एका माणसाला झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत हे दोनदा आणि गोड सांगितलं. साडेचारला फ्राउ वेसेल्सना फोन आला आणि त्या दहा मिनिटं आत गेल्या. तेवढ्यात फ्राउ थीले आल्या, ऐंशीच्या घरातल्या, काठी आणि लोकरीची टोपी.

"डोकेदुखीची गोळी हवी. पण हे वीसचं पाकीट मला कशाला? एकटी राहते मी. वर्षातून दोनदा डोकं दुखतं, तेही बहिणीचा फोन आला की."

स्वरूपाने मान डोलावली. हे गिऱ्हाईक तिला जन्मापासून माहीत होतं. तिने खोका उघडला, गोळ्यांची पट्टी काढली, पेनांच्या डब्यातली कात्री उचलली आणि चार गोळ्या कापून कागदी पुडीत घातल्या. पुडीवर पेनने लिहिलं: दुखल्यास एक, जेवणानंतर. पाकिटाच्या किमतीचा पाचवा हिस्सा घेतला. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. फ्राउ थीलेंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं त्यांच्याकडे कित्येक वर्षांत कुणी नीट लक्षच दिलं नव्हतं.

त्यात चुकीचं काही झालं आहे असं स्वरूपाच्या गावीही नव्हतं. कराडला दिवसातून शंभर वेळा कात्री चालायची. 'चार द्या' म्हटलं की चार, 'दोनच द्या, उद्या बघू' म्हटलं की दोन. निकम मेडिकलच्या कात्रीला एक दोरी होती आणि दोरीच्या टोकाला गल्ल्याचा खिळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फ्राउ थीलेंच्या पत्त्यांच्या मंडळातल्या तिघी जणी आल्या. एकीला चार गोळ्या हव्या होत्या, एकीला सहा. तिसरीने विचारलं की खोकल्याचं औषध अर्धी बाटली मिळेल का.

फ्राउ वेसेल्सनी तिघींना परत पाठवलं आणि काउंटरखालचा खण उघडला. आत रबरबँड लावलेल्या सोळा गोळ्या होत्या. बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या, जसं कुणीतरी चावा घेऊन डब्यात परत ठेवलेल्या लाडवाकडे पाहावं.

"हे तुम्ही केलंत?" फार हळू.

"त्यांना चारच हव्या होत्या."

"माहितीपत्रक कुठे आहे?"

"खोक्यात."

"आणि फ्राउ थीले खोक्याशिवाय घरी गेल्या. मुदत कुठे छापलेली असते?"

स्वरूपाने पट्टीकडे पाहिलं. मुदत सोळाच्या बाजूला होती.

"आणखी दोन वर्षांनी, बहिणीचा फोन आल्यावर, त्या पुडीतून एक गोळी काढतील. ती कसली, केव्हाची, हे कुणाला सांगता येईल? पाकीट फोडून विकता येत नाही, फ्राउ गोरपाडे. ही माझी मर्जी नाही. कायदा आहे."

मग बाईंनी सोळा गोळ्या, कात्री आणि प्लॅस्टिकमधलं कार्ड, तिन्ही वस्तू आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि ड्रॉवर बंद केला. फ्राउ कुबिचेकनी जे सांगितलं होतं, ते शब्दशः खरं होतं.

त्या दिवसापासून स्वरूपा मागच्या खोलीत गेली, जिथे मलमं घोटली जायची. त्यात तिचा हात चांगला होता. त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आल्या की फ्राउ वेसेल्स आता स्वतः न करता तिच्याकडे देत. पण हानोफरच्या पत्रात मलमाचा उल्लेख नव्हता. काउंटरचे आठ आठवडे होते. मुदत जूनअखेर. तिने कॅलेंडरवर उलटं मोजलं: सोमवार, ७ मे. त्या दिवसापर्यंत काउंटर मिळालं नाही, तर सहा महिने मोजलेच जाणार नाहीत, आणि पुन्हा बावीस अर्ज.

घरी सत्यजित म्हणाला, "अगं, सरळ विचार ना त्यांना."

"विचारलं. म्हणाल्या, बघू."

"जर्मन माणूस बघू म्हणतो?"

"त्या 'माल झेएन' म्हणाल्या. म्हणजे बघूच."

नऊ वर्षांची तनया वहीत डोकं घालून होती. आईवडील मराठीत बोलायचे ते तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. आत्ता ती मान वर न करता जर्मनमध्ये म्हणाली की आईने कात्री वापरलीच का, शाळेत सुद्धा दुसऱ्याची वस्तू कापत नाहीत.

"बघ," सत्यजित म्हणाला, "हिला ठेव काउंटरवर."

कराडला फोन केला तर बाबांचं भलतंच. "सोळा गोळ्या ठेवल्यात ना जपून? मग काय बिघडलं? पाचव्या गिऱ्हाइकापर्यंत पाकीट खलास."

"बाबा, इथे तसं नसतं."

"मग म्हातारीने वीस घेऊन करायचं काय? माळ?"

एक एप्रिल उजाडला आणि दुकानाची शांतता गेली. सरकारी विमा कंपन्यांनी औषध कारखान्यांशी सवलतीचे करार केले होते. ज्या विम्याचा ज्या कारखान्याशी करार, त्याचीच गोळी द्यायची. औषध तेच, ताकद तीच, पण खोका दुसरा, रंग दुसरा, नाव दुसरं. वर्षानुवर्षं एकच पांढरी गोळी घेणाऱ्या माणसाच्या हातात फिकट गुलाबी गोळी पडू लागली. ईस्टरच्या सुट्टीनंतर तर काउंटरपासून दारापर्यंत रांग लागायची आणि स्वरूपाला मागच्या खोलीत खलबत्त्याच्या आवाजातूनही सगळं ऐकू यायचं.

"ही माझी नाही."

"तीच आहे, हेर लांगे. आत तेच औषध आहे."

"माझी पांढरी असते. मी रंगांधळा नाही."

"कारखाना बदललाय फक्त."

"मग कारखान्याला सांगा, मी बदललेलो नाही."

फ्राउ कुबिचेक संध्याकाळी खुर्चीत बसून बूट काढायच्या आणि म्हणायच्या की आणखी एकाने गुलाबी म्हटलं तर मी किंचाळेन.

स्वरूपाला गंमत वाटायची. जी गोष्ट या लोकांना आभाळ कोसळल्यासारखी वाटत होती, ती कराडमध्ये रोजची होती. तिथे एकेका औषधाची चाळीस नावं. आज एका कंपनीचं आलं, उद्या दुसऱ्याचं. म्हणून गिऱ्हाईक काय करायचं? संपलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टी खिशात घालून आणायचं. 'ही द्या.' दुकानातले दत्तामामा, पस्तीस वर्षं नोकरी, दहावी नापास, पट्टी नुसती बोटांत फिरवून सांगायचे: ही साखरेची, ही त्याच औषधाची जुळी बहीण, आणि ही दोन्ही एकदम घेत असाल तर आजी, आधी खुर्चीत बसा. घरात दोन कंपन्यांच्या पट्ट्या जमल्या की माणूस दोन्ही घेतो, हा दत्तामामांचा अनुभव होता. नवं आलं म्हणून जुनं कुणी टाकत नाही. पैसे दिलेत त्याचे.

चोवीस एप्रिलला, मंगळवारी, ती मलमाची डबी द्यायला पुढे आली तेव्हा फ्राउ कुबिचेक हेर बेरेन्स यांचा रक्तदाब मोजत होत्या. हेर बेरेन्स शहात्तर वर्षांचे. एकतीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेले. अजूनही दुकानात शिरले की भिंतीवरचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून बघायचे.

"शहाण्णव, अठ्ठावन्न," फ्राउ कुबिचेक म्हणाल्या. "नाडी अठ्ठेचाळीस. गेल्या आठवड्यात पण कमीच होता. पाणी पिता ना?"

"पितो. पण बुटाची नाडी बांधून उठलो की खोली फिरते. शनिवारी बागेत शिडीवर होतो, चेरीच्या फांद्या कापत. शेजाऱ्याने धरलं म्हणून."

"डॉक्टरकडे जा."

"शुक्रवारची वेळ मिळालीय."

स्वरूपाच्या हातात डबी तशीच राहिली. रक्तदाबाची गोळी, एप्रिलचा महिना, नाडी अठ्ठेचाळीस. तिने संगणकात पाहिलं: तीन एप्रिलला हेर बेरेन्सना नव्या कारखान्याचं पाकीट गेलं होतं. जुनं मोठं पाकीट फेब्रुवारीत नेलेलं. म्हणजे ते संपलेलं नसणार.

ती फ्राउ वेसेल्सकडे गेली. बाईंसमोर सहा माणसं होती आणि सातवं दारातून आत येत होतं.

"मला हेर बेरेन्सशी दोन मिनिटं बोलायचंय."

"आत्ता नाही."

"मला वाटतं, ते—"

"फ्राउ गोरपाडे. नंतर."

हेर बेरेन्स टोपी घालून बाहेर पडले. स्वरूपा दोन पावलं मागे आली, बोळाच्या तोंडाशी, अकरा चौकटींच्या खाली. ७ मेला तेरा दिवस उरले होते. गप्प बसली तर तिच्यावर कुणी ठपका ठेवणार नव्हतं. आणि शुक्रवारी डॉक्टर बघणारच होते. पण शुक्रवारपर्यंत बुधवार होता, गुरुवार होता, आणि चेरीचं झाड अजून अर्धंच कापलेलं होतं.

ती मागच्या दाराने निघाली, पांढऱ्या कोटात, बाहीला झिंकचं मलम लागलेलं, आणि ट्रामच्या थांब्यावर हेर बेरेन्सना गाठलं. सल्ला द्यायचा नाही, हे तिने चालतानाच पक्कं केलं होतं. गोळी थांबवा म्हणायचं नाही, घ्या म्हणायचं नाही. फक्त विचारायचं.

"हेर बेरेन्स, तुमच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घरी आहेत?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कचऱ्यात."

"कुठल्या?"

"अर्थातच वेष्टनांच्या." इथे प्रत्येक कचऱ्याचा डबा वेगळा असायचा, त्यामुळे तो प्रश्न त्यांना थोडा लागला होता.

"उद्या सकाळी घेऊन याल? रिकाम्या, अर्ध्या, सगळ्या. नव्या आणि जुन्या."

"तुम्हाला माझा कचरा हवाय?"

"हो."

"कशाला?"

"बघायचाय."

ट्राम आली. हेर बेरेन्स चढले, मग पायरीवरून वळून म्हणाले, "किती वाजता?"

"आठला उघडतो आम्ही."

"ते मला माहीत आहे."

रात्री स्वरूपाने सत्यजितला सांगितलं. तो पोळी मोडता मोडता थांबला. "म्हणजे 'नंतर' म्हणाल्या आणि तू रस्त्यावर पळालीस?"

"चालत गेले."

"आणि कचरा मागितलास."

"हो."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं तनया म्हणाली आणि ताटातलं लोणचं बाजूला सारलं.

बुधवारी आठ वाजता दार उघडलं तेव्हा हेर बेरेन्स बाहेर उभेच होते. हातात घडी करून नीट चिकटवलेली कागदी पिशवी. ते सरळ काउंटरशी गेले आणि फ्राउ वेसेल्सना म्हणाले, "सुप्रभात. कचरा मागवणाऱ्या बाई कुठे आहेत?"

फ्राउ वेसेल्सनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"कुणी मागवला?" फ्राउ वेसेल्सनी इतक्या हळू विचारलं की फ्राउ कुबिचेकनी डोळे मिटून घेतले.

स्वरूपा मागून आली. "मी. काल थांब्यावर. फक्त आणायला सांगितलं, दुसरं काही बोलले नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग हेर बेरेन्सकडे, ज्यांनी शेवटी आपणहूनच पिशवी उघडली. आत पट्ट्या होत्या, धुऊन, पुसून, रबरबँड लावून. दोन अजून चालू होत्या. स्वरूपाने त्या दोन काढल्या आणि काउंटरच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत पांढऱ्या गोळ्या, दुसरीत फिकट गुलाबी. दोन्हींवर चौदा घरं आणि प्रत्येक घरावर वाराचं नाव छापलेलं. डाव्या पट्टीत सोमवार रिकामा, मंगळवार रिकामा, बुधवार रिकामा. गुरुवारात गोळी. उजव्या पट्टीत सोमवार रिकामा, मंगळवार रिकामा, बुधवार रिकामा. गुरुवारात गोळी.

"आज बुधवार आहे," स्वरूपा म्हणाली.

फ्राउ वेसेल्सनी चष्मा चढवला. दोन्ही पट्ट्या उलटून मागची नावं वाचली. औषध एक, ताकद एक.

"हेर बेरेन्स, या दोन्ही तुम्ही घेता?"

"सात वाजता. कॉफीबरोबर."

"पण मी सांगितलं होतं!" फ्राउ कुबिचेक म्हणाल्या. "तीन तारखेला मी सांगितलं होतं की ही त्याच्याऐवजी."

"तुम्ही म्हणालात, हे नवं आहे," हेर बेरेन्स म्हणाले. "मी नवं सुरू केलं. जुनं बंद करा असं डॉक्टर म्हणाले नव्हते. आणि फेकायचं तरी कसं? चांगल्या साठ गोळ्या होत्या."

फ्राउ वेसेल्सनी म्हाताऱ्याला खुर्चीत बसवलं, त्यांचा दाब पुन्हा मोजला आणि डॉक्टरांना फोन लावला. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या. शुक्रवारऐवजी आज, साडेनऊला. आजची दुसरी गोळी पोटात गेलीच होती, म्हणून शेजाऱ्याने सोबत यावं. पांढऱ्या गोळ्या इथेच राहू द्याव्यात. उद्यापासून गुलाबी एकच. चेरीचं झाड पुढच्या आठवड्यापर्यंत थांबेल.

"ते थांबेल," हेर बेरेन्स म्हणाले. "चेरी कुठे ट्राम आहे."

ते गेल्यावर फ्राउ वेसेल्सनी काचेवरची पांढरी पट्टी उचलली.

"हे तुम्हाला कसं सुचलं?"

"आमच्याकडे लोक रिकाम्या पट्ट्या घेऊनच येतात. नावं पाठ नसतात. कधी दोन कंपन्यांच्या आणतात."

"आणि मग तुम्ही कात्रीने कापून देता."

"हो," स्वरूपा म्हणाली. खोटं कशाला बोला.

"कात्री चुकीचीच आहे."

"हो."

"मला न विचारता रस्त्यावर जाणंही."

"तुम्ही 'नंतर' म्हणालात. हे नंतरच आहे."

फ्राउ कुबिचेकना अचानक खोकला आला. बाईंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, आत गेल्या, आणि ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात कार्ड होतं. कात्री त्यांनी आतच ठेवली होती.

"तिसरी ओळ बदला," त्या म्हणाल्या. "इस्त्री आता कोणाला नको. आणि बाहीचं मलम धुवा, तुम्ही काउंटरवर आहात."

फ्राउ वेसेल्सना कौतुक करताना दुकानातल्या कुणीच पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ते कुणाला पाहायला मिळालं नाही. पण दुपारी त्यांनी दाराजवळ एक छोटं टेबल आणि दोन खुर्च्या स्वतः ओढून ठेवल्या. काउंटरवर एक पाटी लागली: नवं पाकीट नेताना जुन्या पट्ट्या सोबत आणा. पहिल्या आठवड्यात सतरा जण पिशव्या घेऊन आले. त्यात आणखी तिघांकडे दोन-दोन बुधवार रिकामे निघाले. हेर लांगे, जे रंगांधळे नव्हते, ते नुसतेच बसायला आले आणि गुलाबी रंगाबद्दलचं आपलं मत पुन्हा सांगून गेले. फ्राउ थीले आल्या त्या मात्र हिरमुसल्या. त्यांनी कागदी पुडी परत आणली होती, चारही गोळ्या जशाच्या तशा.

"हे घ्या. बाई म्हणाल्या परत करा. बहिणीने यंदा फोनच केला नाही."

कार्ड शुक्रवारी, २७ एप्रिलला, खिडकीत लागलं. ७ मेला अजून दहा दिवस शिल्लक होते. तिसऱ्या ओळीवर तिने दोन संध्याकाळी घालवल्या. तनयाने व्याकरण तपासलं आणि एक शब्द खोडून दुसरा घातला. शेवटी जे छापलं गेलं ते असं:

'आम्ही ओळख करून देतो: स्वरूपा घोरपडे, फार्मासिस्ट. कराड नावाच्या गावात औषधांच्या दुकानात वाढल्या, ते दुकान ब्राउनश्वाइगपासून फार लांब आहे. तुमच्या रिकाम्या पट्ट्या त्यांना दाखवा. पाकिटं त्या फोडत नाहीत. रविवारी भेटत नाहीत.'

शेवटून दुसरं वाक्य फ्राउ वेसेल्सचं होतं.

शनिवारी दुकान बंद झाल्यावर सत्यजित आणि तनया डिजिटल कॅमेरा घेऊन आले. स्वरूपाने खिडकीशेजारी उभं राहावं, असं ठरलं. तनयाने मागे सरकत सरकत फोटो काढला. पाटीसकट सगळं यायला हवं, असा तिचा हट्ट होता. रात्री तो ईमेलने कराडला गेला. तिथे दुसऱ्या दिवशी शेजारच्या सायबर कॅफेत पद्माकरराव आणि दत्तामामा दोघं पडद्यासमोर वाकून बसले, आणि मग फोन आला.

"फोटो मिळाला," बाबा म्हणाले. "छान आलाय. कोट जरा मोठा वाटतोय."

"इकडे छोटा मिळत नाही."

"दत्ता म्हणतोय, आधी दोन पट्ट्यांचं सांग. त्याचं म्हणणं, हे त्याने शिकवलंय."

"त्यांनीच शिकवलंय. सांगा त्यांना."

पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग बाबा पुन्हा आले.

"आणि एक. फोटोत तुझ्या बरोब्बर डोक्यावर कावळा बसलाय."

"पाटीवरचा आहे तो, बाबा."

"दिसतंय मला. तुझी आई म्हणत होती, शांत करून घ्यावी लागेल. मी म्हटलं, राहू दे. तो जर्मन आहे, त्याला काय कळतंय." मग त्यांनी विचारलं, "परीक्षा कधी?"

"जुलैत."

"मग कोट लहान करून घे. आणि ते कार्ड संपलं की मला पाठव. गल्ल्याच्या वर खिळा मोकळा आहे, कात्रीशेजारी."

"ते इथेच राहतं, बाबा. बोळात. बारावं."

"बरं," पद्माकरराव म्हणाले, "मग दुसरं छापून घे."